खर्डेघाशीतला नाद

‘खर्डेघाशी’ हा शब्द आपण हिणवायलाच वापरतो. अमरावतीच्या कचेरीत किंवा अकोल्याच्या तहसिलीत जन्मभर टिपणं लिहिणाऱ्या माणसाबद्दल ‘नुसती खर्डेघाशी केली’ एवढं म्हटलं, की त्याच्या साऱ्या नोकरीचा निकाल लागतो. शब्द मात्र फोडून पाहावा असा आहे. त्यात दोन तुकडे आहेत आणि दोन्ही आवाजाचे आहेत. ‘खर्डा’ म्हणजे कच्चा मसुदा. तो आला ‘खरडणे’वरून आणि खरडण्याच्या मुळाशी ‘खर्र’ हा आवाज आहे. दुधाच्या पातेल्याच्या बुडाची खरवड उलथन्याने काढताना येतो, तोच. दुसरा तुकडा ‘घासणे’चा. म्हणजे हा शब्द ज्याने घडवला, त्याने कारकुनाचं अक्षर पाहिलं नव्हतं, मजकूर वाचला नव्हता. त्याने बोरूचा कागदावरचा आवाज ऐकला होता.

हा आवाजच वाद्य म्हणून वापरणारे कलावंत आज जगात बऱ्याच ठिकाणी आहेत. फळ्यावर मोठा कागद ताणून लावायचा, कागदाखाली एक छोटी पितळी चकती चिकटवायची, तिची तार ध्वनिवर्धकाला जोडायची आणि ऐकायला बसलेल्या लोकांसमोर चित्र काढायला घ्यायचं. कोळसा, खडू, टाक, शिसपेन्सिल, ओला कुंचला, जे हाती येईल ते. सोबत कोणीतरी विजेवर चालणारं वाद्य घेऊन बसलेलं असतं, ते त्या खरखरीला उचलतं, लांबवतं, उलटं फिरवतं. आधी काही बसवलेलं नसतं. मराठीत यावर लिहायची वेळ आली की आपण ‘प्रायोगिक ध्वनी-सादरीकरण’ असलं काहीतरी जड लिहून मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की ही कला आपल्याला नवी असली तरी तिचे शब्द आपल्याकडे फार जुने आहेत, आणि ते वऱ्हाडात बसून जितके नीट ऐकू येतात तितके क्वचितच कुठे येत असतील.

सुरुवात ‘लिहिणे’पासूनच करू. संस्कृत ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ अक्षरं काढणं नव्हे, तर ओरखडणं. त्याचं जुनं रूप ‘रिख्’. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात पूषन् देवाला केलेल्या एका प्रार्थनेत हा धातू येतो. तिथे पूषनाच्या हातात आरा आहे, म्हणजे टोचणी. चांभाराच्या आरीत आणि पराणीच्या आरेत हा शब्द आजही जिवंत आहे. त्या आरेने कंजूष माणसांची मनं ओरखड, असं ऋषी म्हणतो, आणि त्या क्रियापदाच्या शेजारीच ‘किकिरा’ असा एक शब्द ठेवतो. त्याचा अर्थ चिंधड्या चिंधड्या असा लावतात. मला त्यात आपली किरकिर ऐकू येते. लेखनाचा धातू इतक्या जुन्या ठिकाणी भेटतो, तेव्हाही आवाजाला सोबत घेऊनच भेटतो.

‘र’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल संस्कृतात नेहमीची. म्हणून एकाच मुळापासून रेखाही झाली आणि लेखाही. रेखेची मराठीत रेघ झाली. लिहिणं आणि चित्र काढणं ही दोन कामं आहेत, हा भेद भाषेने पुष्कळ उशिरा केला. ‘चित्रलिखितासारखा उभा राहिला’ असं आपण अजून म्हणतो. त्यातलं चित्र लिहिलेलंच आहे. संस्कृतात चित्राला आलेख्य म्हणत आणि त्याच घरातला ‘आलेख’ आपण शाळेत ग्राफ या अर्थाने शिकतो. गंमत म्हणजे ‘ग्राफ’ ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचाही पहिला अर्थ ओरखडणं हाच. ज्याने ‘आलेख’ हा प्रतिशब्द सुचवला, त्याने मुळाला मूळ जुळवलं.

ओरखड्यापासून गद्यापर्यंतचा मराठीचा प्रवास वऱ्हाडातूनच झाला. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १२७८ च्या आसपास, चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या. लोकांच्या तोंडून ऐकलेलं त्यांनी लिहून घेतलं. लीळाचरित्र वाचताना जाणवतं ते हे, की त्यातली वाक्यं बोललेली आहेत, बोरूखाली आल्यावरही त्यांचा बोलण्याचा ठेका मोडलेला नाही. पुढे चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने पोथ्यांसाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या घडवल्या आणि मजकूर शतकानुशतकं परक्या डोळ्यांपासून झाकून ठेवला. लिपी कळत नसेल, तर शेजारी बसलेल्याला त्या लेखनातलं एकच समजू शकतं, ते म्हणजे बोरूची कुरकुर.

वऱ्हाड तेव्हा देवगिरीच्या यादवांच्या राज्यात होतं. त्याच यादवांच्या दरबारात, सिंघण राजाच्या काळात (१२१०–१२४७), शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. भारतीय संगीताच्या हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा ज्या ग्रंथाला मानतात, तो हा. शार्ङ्गदेवाचं दरबारातलं पद होतं ‘श्रीकरणाग्रणी’: हिशेब आणि दप्तर यांचा प्रमुख. नादाचं शास्त्र सांगणारा हा माणूस पेशाने दप्तरदार होता! पुढे यादवांचाच श्रीकरणाधिप झालेला हेमाद्री, त्याच्या नावावर परंपरा मोडी लिपी घालते. अभ्यासकांना ते सर्वस्वी मान्य नाही. पण मोडी लिहिण्याची रीत इथे आठवायलाच हवी. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो न उचलता. मोडीच्या कागदावरचा पहिला आवाज म्हणजे एक लांब, अखंड सूर, आणि त्याखाली बारीक हरकती.

शार्ङ्गदेव ‘नाद’ शब्दाची फोड अशी देतो: न म्हणजे प्राण, द म्हणजे अग्नी. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटणारी नाही. ‘नद्’ म्हणजे गर्जणं, आवाज करणं, हा धातू पुरेसा आहे. तरी नादाचे त्याने मानलेले दोन भेद, आहत आणि अनाहत, कामाचे आहेत. आहत म्हणजे आघाताने झालेला. पण कोळसा कागदावर आघात करत नाही, तो घासला जातो. भरतमुनींनी केलेले वाद्यांचे चार वर्ग घ्या: तत, अवनद्ध, घन, सुषिर. तारेची, कातड्याची, टाळासारखी आणि फुंकून वाजवायची. कागदावरच्या पेन्सिलीला यात बसवायचं तर घनात बसवावं लागेल, तेही ओढूनताणून. युरोपात हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ मध्ये वाद्यांचं जे वर्गीकरण केलं, त्यात घनवाद्यांच्या पोटात खरवडून आणि घासून वाजणाऱ्यांना वेगळी घरं दिली. विजेच्या वाद्यांसाठी पाचवा वर्ग झाक्स यांनी १९४० मध्ये जोडला.

हा घासण्याचा धागा मी सोडत नाही, कारण विजेच्या शब्दातही तोच निघतो. ‘इलेक्ट्रॉनिक’च्या मुळाशी ग्रीक ‘एलेक्ट्रॉन’, म्हणजे अंबर. अंबर घासलं की गवताची काडी ओढून घेतं, हे पाहून विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली त्या गुणाला अंबरावरून नाव दिलं. आपल्याकडे अंबराला तृणमणी म्हणत आणि फारसीत कहरुबा, म्हणजे काडी पळवणारा. घासल्यावर काडी ओढणारा मणी: वीज हाती येण्याच्या कितीतरी आधी तिची ओळख अशी घासण्यातून झाली होती. खडू घासणारा आणि शेजारी इलेक्ट्रॉनिक वाद्य घेऊन बसलेला, हे दोघे शब्दांच्या हिशेबाने भाऊबंद आहेत.

शिसपेन्सिलीची हकिकत याहून सुरस आहे. तिच्यात शिसं नाही, कधीच नव्हतं. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या बॉरोडेल भागात काळा, मऊ खनिज पदार्थ सापडला. तो शिशाचाच प्रकार असावा असं लोक समजले. १७७९ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने तो कर्ब असल्याचं दाखवलं आणि १७८९ मध्ये वेर्नर यांनी त्याला ‘ग्राफाइट’ हे नाव दिलं, पुन्हा त्याच ओरखडण्याच्या ग्रीक क्रियापदावरून. रसायनशास्त्र सुधारलं, पण ‘शिसपेन्सिल’ हा शब्द जुनी समजूत घेऊन मराठीत राहिला. त्यातही एक योग असा, की ग्राफाइटमधून वीज वाहते. सहा-बी पेन्सिलीने कागदावर जाड, गडद रेघ गिरवली की ती रेघच विजेच्या वाटेतला अडसर होते. १९७२ मध्ये बाजारात आलेली ५५५ नावाची एक स्वस्त चिप आहे. तिच्या मंडलात ही रेघ जोडली की ती गाऊ लागते. रेघ लांब केली की अडसर वाढतो आणि सूर खाली येतो; रेघ जाड केली की अडसर घटतो आणि सूर चढतो. हात चित्र काढतोय की सूर लावतोय, याचा निवाडा तिथे करता येत नाही.

आता त्या पितळी चकतीजवळ जाऊ. तिला पिझो म्हणतात. ग्रीक शब्द, अर्थ दाबणं. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिलं, की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उत्पन्न होते. आता ही चकती इलेक्ट्रॉनिक सामानाच्या कुठल्याही दुकानात किरकोळ किमतीला मिळते, कारण बझरमध्ये तीच असते. ती हवेतला आवाज फारसा ऐकत नाही. ज्याला चिकटवली त्याचा कंप तेवढा ऐकते. ती थेट साध्या ध्वनिवर्धकाला लावली तर आवाज पातळ येतो, खर्ज गळून जातो. मध्ये एक छोटा पूर्ववर्धक लागतो. तो लावून, कागदाच्या मधोमध नव्हे तर जरा कडेला चकती चिकटवून, मी घरी हे ऐकलं आहे. आणि ऐकताना एक गोष्ट पक्की झाली: हे आवाज वेगवेगळे ओळखायला कान लागतो, पण सांगायला मराठी पुरते.

मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरली की सरसर. तीच दाबली की खरखर. कोळशाची काडी आडवी धरून ओढली की घरघरीकडे झुकणारा दाट आवाज, आणि तिचं टोक मोडलं की कट्‌. टाकाचं निब उलट्या दिशेला गेलं की कुरकुर, कोरड्या कागदावर आणखी बारीक किरकिर. खोडरबर खसखसतं, म्हणूनच आपण खसाखसा पुसतो. ओला कुंचला सपसप करतो. कागद हलला की सळसळ, फाटला की टर्रकन, आणि घाईने फाटला की फर्रकन. पाटीवर पेन्सिल वाकडी लागली की अंगावर काटा आणणारी कर्रर्र. यांतल्या कुठल्याही दोन शब्दांची अदलाबदल करून पाहा, जमणार नाही. खरखर आणि घरघर यांत फक्त पहिल्या व्यंजनाचा फरक, ख अघोष आणि घ घोष. आणि तोच फरक कानाला खर्जाचा म्हणून लागतो. स वरून ख वर आलं की दाब वाढतो. कु वरून कि वर गेलं की आवाज बारीक होतो. ही बोलीतली स्वरलिपी आहे. व्याकरणात मात्र तिची बोळवण ‘अनुकरणवाचक शब्द’ एवढ्या एका ओळीत होते, याचं मला वाईट वाटतं. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात असे शब्द पानोपानी भेटतात. त्या माणसाने ते मन लावून टिपले होते.

खडूबद्दल थोडं. तो खटिका-खडी या घरातला. बाराखडीत मात्र खडू नाही, जरी लहानपणी आपल्याला तसं वाटत असलं तरी. तिथे ‘बारा अक्षरी’ आहे. अक्षर म्हणजे न झिजणारं. खडू झिजतो, अक्षर झिजत नाही, असं मानून आपण शाळा चालवली आणि झिजण्याचा आवाज ऐकायचा राहून गेला.

‘कलम’ हा शब्द अरबीतून आला आणि अरबीत ग्रीकमधून. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, वेत. त्याच शब्दाने ग्रीक लोक लेखणीही सांगत आणि वेताची बासरीही. एकच काडी, कापायची पद्धत वेगळी. आपल्याकडे कलम कायद्यात गेलं, आणि वरुड-मोर्शीच्या बागेतही. संत्र्याचा खरं तर डोळा बांधतात, पण रोपाला म्हणायचं कलमच.

वऱ्हाडाची खरी ओळख मात्र कापूस, आणि कापसाने या विषयाला दोन मोठे शब्द दिले आहेत. पहिला ‘तंत्र’. ‘तन्’ म्हणजे ताणणं. त्यातून तंतू, त्यातून तंत्र, ज्याचा जुना अर्थ माग किंवा मागावर ताणलेलं सूत. त्यातूनच गवयाची तान, भरताचं ‘तत’ वाद्य आणि पिंजाऱ्याच्या कमानीची तांत. गादी-रजई भरायला येणारा पिंजारी खांद्यावर ती लांब कमान घेऊन गल्लीतून जायचा आणि तांतीवर ठोका मारून आपण आल्याची वर्दी द्यायचा. तो टंकार ज्याने ऐकला आहे, त्याला तंत्र आणि तान एका मुळाचे आहेत हे सांगावं लागत नाही. ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की आपल्याला चिप आणि पडदा आठवतो. शब्दात मात्र सूत आहे.

दुसरा शब्द ‘जिन’. कापूस जिनात नेला, जिनिंगचा भोंगा झाला, असं अकोल्यात पिढ्यान्‌पिढ्या बोलतात. हा जिन म्हणजे ‘इंजिन’चा तुकडा आणि इंजिन आलं लॅटिन ‘इन्गेनियुम’वरून. त्याचा अर्थ यंत्र नव्हे. अर्थ: माणसात जन्मजात असलेली बुद्धी. मराठीत याला नेमका शब्द आहे: उपजत.

आणि ‘उपज’ हाच तर आपल्या गाण्यातला शब्द. गायक आधी न बसवलेलं गातो, ते उपज अंगाने. संस्कृत ‘उत्पद्यते’, प्राकृत ‘उप्पज्जइ’, मराठी ‘उपजणे’. त्याच धातूचं तत्सम रूप ‘उत्पन्न’, जे प्रत्येक कृषी उत्पन्न बाजार समितीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. मैफलीतली उपज आणि बाजार समितीतलं उत्पन्न ही एकाच आईची लेकरं. इंग्रजी ‘इम्प्रोव्हाइज’च्या मुळात ‘आधी न पाहिलेलं’ असा नकार आहे. आपल्या शब्दात जन्म आहे. मला आपला शब्द अधिक खरा वाटतो, कारण चांगली उपज आभाळातून पडत नाही; ती मशागत केलेल्या जमिनीतून येते.

वऱ्हाडाने उपजेचा सर्वांत मोठा कलावंत पाहिला तो गाडगेबाबांच्या रूपाने. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. संहिता नाही, पोथी नाही. समोरच्या माणसाला वऱ्हाडीत प्रश्न विचारायचा, त्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचा, आणि कीर्तन तिथल्या तिथे घडायचं. त्यांच्या हातातला ‘खराटा’ हा शब्द माझ्या कानाला खरखरीच्याच कुळातला वाटतो. अंगणात तुराट्यांचा खराटा फिरताना ऐकावा: मातीवर एकाच हालचालीत रेघाही उमटतात आणि तालही धरला जातो.

रेघ आणि आवाजाच्या या जोडीला जगाच्या बाजूने येऊन मिळणारा एक रस्ता आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या, तिथे त्यांनी जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीत समजावलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतलं. याच केजने १९६२ मध्ये टोकियोत एक रचना सादर केली, शून्य मिनिटं शून्य सेकंद नावाची. रचना काय, तर तिची सूचना त्याने लोकांसमोर कागदावर लिहिली आणि लिहिण्याचा आवाज ध्वनिवर्धकातून मोठा केला. त्याचा सहकारी डेव्हिड ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि त्याने तिथे मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य बसवून दिलं. गीताबेन, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी त्यावर काम केलं. त्या फिती पुढे संग्रहात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून लोकांपुढे आल्या. टोकियोत केजने लोकांसमोर जे केलं, त्याला मराठीत एका शब्दात खर्डेघाशी म्हणता येतं, आणि हे मी पूर्ण आदराने म्हणतो.

म्हणूनच माझा कौल असा आहे, की या कलेच्या बैठकीला मराठीत ‘खर्डा’ म्हणावं. त्यात खरडणं आहे, म्हणजे वाद्य आलं. त्यात कच्चेपणा आहे, म्हणजे आधी न बसवलेलं, पुन्हा तसंच न होणारं, हे आलं. आणि त्यात कागद आहे. ‘आज संध्याकाळी खर्डा आहे, ऐकायला या’ हे वाक्य कानाला परकं लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रात कोणी म्हणेल, खर्डा म्हणजे तर मिरचीचा. वऱ्हाडात ती अडचण नाही. आपण त्याला ठेचा म्हणतो, खर्डा हा शब्द आपल्याकडे मोकळा पडून आहे. करणाऱ्याला ‘रेघवादक’ म्हणावं. सारंगीवादक, संवादिनीवादक यांच्या रांगेत तो नीट बसतो.

अमरावती-अकोल्याच्या वाचकांना एक विनंती आहे. पऱ्हाटी उपटताना, सरकी निघताना, तुराट्या मोडताना, शेणाने भिंत सारवताना होणाऱ्या आवाजांसाठी तुमच्या घरात जे शब्द आहेत आणि कोशात नाहीत, ते लिहून ठेवा. सोबत तालुका लिहा आणि शब्द कोणाच्या तोंडून ऐकला ते लिहा: आजीच्या, गड्याच्या की जिनातल्या मजुराच्या. असे शब्द बोलणारी माणसं गेली की शब्द दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.